करंगळीजवळचा डाग

सोड्याने निघाला नाही असा डाग मी एकतीस वर्षांत पाहिला नाही. हॉस्पिटलच्या लाँड्रीत होते मी. रक्त, औषधं, आयोडीन, उलट्या, सगळं माझ्या हाताखालून गेलं आणि चादरी पांढऱ्याफेक होऊन वर वॉर्डात गेल्या. नर्सबाया म्हणायच्या, मावशींनी धुतलेलं कापड लांबून ओळखू येतं. मला त्याचा भारी तोरा होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्या तोऱ्यापायीच झालं. दुसऱ्या कुणावर ढकलायची माझी इच्छा नाही.

माझा धाकटा भाऊ, टिल्लू. लहानपणी उंचीला कमी होता म्हणून टिल्लू, आणि साठी ओलांडली तरी टिल्लूच. नाक्यावर त्याचा फोटो स्टुडिओ होता. एक स्टूल, मागे एक राखाडी पडदा, आणि आरशाजवळ दोरीला बांधलेला कंगवा. पासपोर्टचे फोटो काढायचा, लग्नाचे काढायचा. त्याची बायको गेली तेव्हा त्याची मुलगी तीन वर्षांची होती. मी लग्नाच्या भानगडीत कधी पडले नव्हते, तेव्हा गाठोडं उचललं आणि त्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. पोरीला मी वाढवलं. तिला आम्ही चिमी म्हणायचो. रस्ता ओलांडताना ती बापाचा हात कधी धरायची नाही, फक्त करंगळी धरायची. सगळा हात तिच्या मुठीत मावायचा नाही ना!

बारा वर्षांपूर्वी चिमीचं लग्न झालं. टिल्लूने हट्टच धरला, की माझ्या पोरीचे फोटो मीच काढणार, दुसरा कोणी कॅमेरा घेऊन आला तर तंगडं मोडीन. त्याचा जुना रिळाचा कॅमेरा बाहेर काढला, पुसला, दहा वेळा तपासला. लग्नाच्या दिवशी नवरदेवापेक्षा जास्त मिरवत होता. चिमी हसली की खटक, चिमी रडली की खटक. आणि मग कॅमेऱ्यावरचा आकडा चाळीसवर गेला. रीळ छत्तीसचं. मी त्याच्या शेजारीच होते. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. आतलं रीळ दात्यात अडकलंच नव्हतं. तो दिवसभर कॅमेऱ्याची खटखट करत होता आणि आत काही पुढे सरकतच नव्हतं.

कोणाच्या तरी मोबाइलवरचे चार-दोन धूसर फोटो, एवढंच चिमीच्या लग्नाचं उरलं. सासरची माणसं हसली. चिमीने सगळ्यांसमोर बापाला म्हटलं, "बाबा, तुमच्या हाताला यशच नाही."

बस, एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. पण हे वाक्य टिल्लूच्या वर्मी बसलं ते बसलंच. चिमी नवऱ्याबरोबर लांबच्या गावी गेली. महिन्यातून एकदा फोन करायची. "बरे आहात ना? औषधं घेता ना?" आणि "ठेवते" म्हणायची. टिल्लूने स्टुडिओ बंद केला. कॅमेरे कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेले, आणि त्याने पुन्हा म्हणून कॅमेरा हातात धरला नाही. मी समजावून थकले. म्हटलं, अरे, चूक कोणाच्या हातून होत नाही? तर म्हणे, "ताई, इतकी वर्षं परक्यांची लग्नं काढली, एकही रीळ वाया गेलं नाही. नेमकं तिचंच."

वर्षभर नुसता बसून होता. मग एक दिवस मी त्याच्यावर खेकसले. उन्हाळ्याचे दिवस होते. त्याने जेवताना शर्टावर हळद सांडवली होती आणि तो शर्ट टबात भिजवायला निघाला होता. मी म्हटलं, "अरे गाढवा, हळदीचा डाग पाण्याने जातो का? साबण लावलास तर लाल होईल. दोरीवर उन्हात टाक. दोन दिवसांत ऊन खाऊन टाकील त्याला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काय म्हणालीस? ऊन खातं?"

"खातं म्हणजे खातं. जिथं सावली पडेल तिथं डाग राहतो. तुझ्या लक्षात कसं नाही आलं इतकी वर्षं?"

दुसऱ्या दिवशी माझी हळदीची बरणी गायब! तिची पूड स्पिरिटमध्ये कालवून यानं कागदावर फासली होती, वर एक नेचाचं पान ठेवून काच दाबली होती, आणि सगळं गच्चीवर उन्हात. संध्याकाळी पान उचललं तर फिक्या कागदावर पिवळंधमक पान, शिरांसकट. "ताई," म्हणाला, "तूच खरी फोटोवाली निघालीस की!" तो वर्षभराने हसला होता. त्यामुळे बरणीबद्दल मी त्याला काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण मनापासून नाही.

मग काय, घराचा कारखाना झाला. पालक आणला की भाजीला निम्माच उरायचा, निम्म्याचा रस निघायचा. त्या रसाच्या कागदावर त्याने चिमीचा पाच वर्षांची असतानाचा फोटो छापला. त्यासाठी तीन आठवडे ऊन द्यावं लागलं. तीन आठवडे मी त्या चौकटीभोवती कपडे वाळत घालत होते आणि सावली पडली की हा खालून ओरडायचा. चिमी उमटली, हिरवी, फिकी, फ्रॉकच्या घेरासकट. मी हौसेने बाहेरच्या खोलीत लावायला निघाले तर म्हणाला, "नको. तो पक्का होत नाही. उजेडात जेवढा बघशील तेवढा पुसत जाईल." म्हटलं, मग उपयोग काय असल्या फोटोचा? तर म्हणे, "थोडा थोडा बघायचा." दुसऱ्या वेळी झाडाच्या पानावरच तिचा चेहरा छापला. ते पान वाळलं आणि वहीत चुरा होऊन पडलं. एकदा मिठाच्या कागदाला चांदीचं औषध लावताना बोटं काळी करून घेतली. महिनाभर शेजारचे विचारत होते, काय हो, गॅरेजात नोकरी धरली का?

शेवटी तो निळ्यावर येऊन थांबला. दोन बाटल्या होत्या, एक हिरवट पाण्याची, एक लालसर. दोन्ही सारख्या मापाने मिसळायच्या, बाथरूममध्ये पिवळा दिवा लावून कागदावर ब्रशने ओढायच्या, वाळवायच्या. मग त्या कागदावर काहीही ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. जिथं ऊन लागलं तिथं गडद निळं, जिथं सावली होती तिथं पांढरं. किल्ल्या, पिसं, माझा चश्मा, लाँड्रीतून आणलेली लेस, सगळं त्याने निळ्यात पांढरं करून ठेवलं. एकदा विचारलं, याचंच एवढं काय रे तुला? म्हणाला, "यात अडकायचं काही नाही, ताई. रीळ नाही, दाता नाही. वस्तू ठेवली की ती उमटते." मी आत जाऊन भांडी आपटली.

मग त्याचा उजवा हात कापायला लागला. आधी अंगठा, मग सगळा पंजा. कप धरला की बशीत खडखड. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, गोळ्या घ्या, वाढत जाईल. हृदयाचं दुखणं आधीपासून होतंच. चिमीला यातलं काही सांगायचं नाही अशी त्याने मला ताकीद दिली. आणि मी मूर्ख, ती पाळली.

एका सकाळी तो म्हणाला, "ताई, मला हाताचा एक कागद करायचाय. चिमीसाठी."

"कसल्या हाताचा?"

"या." कापणारा हातच त्याने पुढे केला.

म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं? डावा ठेव की. तो शहाण्यासारखा आहे. पण नाही. चिमी धरायची तो उजवा. त्याने हिशेब केला होता: ऊन कडक असलं तरी अठरा मिनिटं लागणार, आणि तेवढा वेळ हात जराही हलला तर कडा विस्कटणार, बोटं एकमेकांत मिसळणार. पाच कागद वाया गेले. कुठे बोटाऐवजी नुसतं धुकं, कुठे अंगठ्याची दोन टोकं. सहाव्या कागदाला मी त्याच्याबरोबर गच्चीवर गेले. पाटावर कागद, कागदावर त्याचा हात, हातावर जाड काच. मी समोर बसून काच दोन्ही बाजूंनी गच्च दाबून धरली, माझी सावली कागदावर पडणार नाही अशी. दुपारचे बारा वाजले होते. डोक्यावर ऊन नुसतं पेटलं होतं.

"बोलू नकोस," म्हणाला. "तू बोललीस की मला हसू येतं."

मी बोलले नाही. अठरा मिनिटं गप्प बसायची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असेल. टिल्लूचा खांदा थरथरत होता. गुडघे थरथरत होते. मानेची शीर दोरीसारखी ताठ झाली होती आणि नाकावरून घाम टपकत होता. पण काचेखालचा हात हलला नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. अठरा मिनिटं त्याने सगळा कंप अंगाच्या बाकीच्या भागात ढकलून ठेवला, आणि तो हात तेवढा कोरडा, शांत, जसा पूर्वी असायचा तसा. घड्याळ वाजलं आणि काच उचलली, तर तो हात असा उडायला लागला की मला तो माझ्या दोन्ही हातांत धरावा लागला.

बाथरूममध्ये त्याने कागद टबात सोडला. पाणी पिवळं झालं आणि खालून निळं वर आलं, गडद, आणि त्यात त्याचा पांढरा पंजा. पाचही बोटं सुटी, लख्ख. करंगळीसुद्धा, जरा बाहेर वाकलेली, तिची होतीच तशी. तो म्हणाला, "अजून दोन पाणी द्यायला हवीत. पिवळं पूर्ण निघायला हवं." पण त्याचे ओठ पांढरे पडले होते, उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, "पुरे झालं धुणं, चल, आडवा हो." आणि कागद मीच उचलून दोरीला लावला. एकतीस वर्षं हाताखालच्या बायकांना दरडावत आले, की तीनदा खळबळल्याशिवाय कापड पिळायचं नाही. आणि तिथं मीच घाई केली.

तो वाळला तेव्हा टिल्लूने मला विचारलं, "कसा झालाय?"

माझी जीभ! मी म्हटलं, "झालाय चांगला. पण हा निळा रंग मला नाही बाई आवडत. आमच्या हॉस्पिटलात मढी ठेवतात त्या बर्फाच्या खोलीतल्या माणसाचा हात वाटतो." त्याने कागद काळ्या पाकिटात घातला आणि म्हणाला, "चिमी येईल तेव्हा दे. फोनवर सांगू नकोस. तिने आधी बघू दे."

त्यानंतर अकरा दिवसांनी तो गेला. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. चिमीला विमान मिळालं नाही, ती पोटुशी होती, सातवा महिना. फोनवर तिचा नुसता श्वास ऐकू येत होता. मीच म्हटलं, ये ग तुला जमेल तेव्हा. सहा महिने गेले. तिला मुलगी झाली. मग एका रविवारी तिचा फोन आला, "आत्या, गुरुवारी सकाळी पोचतेय. बाळ सासूबाईंजवळ ठेवून, एकटीच. दोन दिवस. बाबांचं सामान बघायचंय."

बुधवारी मी घर घासूनपुसून काढलं आणि दुपारी ते काळं पाकीट उघडलं. हात होता तसाच होता. फक्त करंगळीच्या बाहेरच्या अंगाला, पांढऱ्यातून निळ्यात उतरलेला, एक पिवळा डाग. वाटाण्याएवढा. राहिलेली दोन पाणी तिथं बसली होती.

मला चिमीचं तोंड डोळ्यासमोर दिसलं. ती हा डाग बघणार आणि तिच्या मनात तेच येणार, बारा वर्षांपूर्वीचं. तिने म्हटलं नाही तरी मला ऐकू येणार. नाही, म्हटलं, टिल्लूचा हा एक कागद तरी डागाशिवाय जाऊ दे तिच्या हातात. आणि डाग काढणं म्हणजे माझा हातखंडा!

गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला. जुना दात घासायचा ब्रश घेतला. फक्त डागावर, अगदी टोकाने घासलं. डाग गेला. मी खूश. आणि बघते तर त्याच्याभोवतीचा निळाही गेला. ब्रश लागला होता तिथं एक फटफटीत ठिगळ. मी घाबरून अजून घासलं, कडा एकसारख्या कराव्या म्हणून, तर ठिगळ वाढलं आणि कागदाची लव सुटून आली.

इथं माझी एकतीस वर्षं माझ्या मुळावर आली. लाँड्रीत आम्ही काय करायचो? कापड एका जागी धुतलं की तिथं कड उमटते. मग अख्खं कापड पाण्यात बुडवायचं, म्हणजे सगळं एकसारखं होतं. डोक्यात दुसरं काही आलंच नाही. हातांनी आपोआप केलं. मी टिल्लूचा हात उचलला आणि सोड्याच्या पाण्यात बुडवला.

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. निळा पळाला. गडद होता तिथं मळकट पिवळं, आणि त्यात पंजा जेमतेम, आहे म्हटलं तर आहे. मी कागद बाहेर काढला, नळाखाली धरला, आणि तो माझ्या हातांत कोरा व्हायला लागला. मी तिथंच बाथरूमच्या फरशीवर बसले. मोठ्याने रडले. "मेले मी, मेले," एवढंच तोंडातून येत होतं. तो मेला तेव्हा मी अशी रडले नव्हते. तेव्हा करायची कामं होती.

मग उठले. त्याची वही काढली. आयुष्यात त्या वहीला मी हात लावला नव्हता. पुन्हा निळा करायचा काही उपाय असेल म्हणून पानं उलटत गेले. हळद, पालक, चांदी, पानाचा चुरा. शेवटून दुसऱ्या पानावर एवढंच: "हात. सहावा. ऊन कडक. १८ मि." आणि शेवटच्या पानावर त्याचं कापरं अक्षर, ओळी वरखाली गेलेल्या:

"ताईला निळा आवडत नाही. तिच्यासाठी तपकिरी करून बघितला, पिंपळाच्या पानावर. धुण्याच्या सोड्यात घातलं की निळा जातो, सगळं गेल्यासारखं वाटतं. घाबरायचं नाही. दोनदा नीट धुवायचं. मग कोऱ्या चहात, गार झालेल्या, अर्धा तास. परत येतं, तपकिरी. निळं मात्र पुन्हा होत नाही. ताईला वेगळा हात करून द्यायचा. डावा."

पानाच्या घडीत तो पिंपळ होता, पोस्टकार्डाएवढा. खमंग तपकिरी.

मी ते "घाबरायचं नाही" कितीदा वाचलं सांगता येत नाही. मग घरात होती नव्हती ती सगळी चहापत्ती मोठ्या पातेल्यात उकळली, गाळली, परातीत ओतली. गार होईपर्यंत पंख्याखाली धरून बसले. कागद दोनदा धुतला, नीट, त्याने सांगितलं तसा. या वेळी घाई केली नाही. आणि चहात सोडला.

दहा मिनिटं काही नाही. मग कडांकडून काळोखी आल्यासारखं झालं, तपकिरी, आणि मधून पंजा वर यायला लागला. अंगठा आला. त्याच्या शेजारचं बोट आलं. मधलं आलं, त्याच्या पुढचं आलं. मी वाट बघत होते. अर्धा तास झाला, पाऊण झाला. करंगळी आली नाही. जिथं मी ब्रश घासला होता तिथला रंग कागदासकटच गेला होता, आता तिथं काय येणार? बोट पांढरं आणि त्याच्या भोवतालचंही पांढरं. ते असेल तिथंच, पण दिसायला त्याला कड उरली नव्हती.

संध्याकाळभर मी एकच गोष्ट घोकत होते. खोटं बोलायचं. सांगायचं, की हात कापत होता ग, करंगळी हलली, नाही उमटली. त्याचा हात कापत होता हे खरंच आहे. टिल्लू काय उठून सांगायला येणार आहे? आणि निळ्याचं तर चिमीला माहीतच नाही. सगळं कसं सरळ, गुपचूप. आणि पोरगी दोन दिवसांसाठी येणार, मलाही तिचं तोंड वाकडं झालेलं बघायचं नव्हतं. माझं आता दुसरं आहे कोण?

गुरुवारी सकाळी ती आली. रोडावली होती. दारात माझ्या गळ्यात पडली आणि लगेच बाजूला झाली. सामान बघायचंय म्हणाली होती, पण बापाच्या खोलीत गेली आणि खुर्चीच्या पाठीवरचा त्याचा शर्ट बघून परत आली. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि काळं पाकीट पुढे ठेवलं.

"हे काय?"

"बाबांनी ठेवलंय तुझ्यासाठी. त्याचा हात आहे. खरा हात कागदावर ठेवून केलाय, उन्हात. उजवा."

तिने कागद बाहेर काढला. बराच वेळ बघत होती. मग आपलं बोट एकेका बोटावरून फिरवलं, न टेकवता. अंगठा, एक, दोन, तीन. तिथं थांबली.

"करंगळी?"

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी तीच बोलली. थोडी हसली, मायेनेच हसली, त्यात डंख नव्हता. "नाही आली ना? बाबांचं नेहमीचंच. शेवटी काहीतरी राहायचंच त्यांच्या हातून." आणि डोळे पुसले. "जाऊ दे. चार तर आली."

बघा, मला एक शब्दही खोटं बोलावं लागलं नसतं. तिनेच माझ्यासाठी बोलून टाकलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण माझ्या डोळ्यासमोर ती मानेची शीर आली, नाकावरून टपकणारा घाम आला. अंगाचा नुसता भडका उडाला माझ्या, आणि तो माझ्यावरच.

"नाही," मी म्हटलं. "त्याच्या हातून काही राहिलं नव्हतं. पाचही बोटं आली होती. करंगळी सगळ्यात चांगली आली होती. मी घासली. काल. डाग काढायला गेले आणि सोड्याने घासून काढली. तो कागद निळा होता, तो रंगही मीच घालवला. त्याचा कागद चोख होता, चिमे. वाट लावली ती मी."

मी सगळं सांगितलं. कंपवाताचं सांगितलं, जे लपवलं होतं. पाच वाया गेलेले कागद, सहावा, काच, बारा वाजताचं ऊन. काल टबात बुडवला तेही. तिचा चेहरा लाल झाला. "आत्या!" एवढंच ओरडली आणि उठून बाथरूममध्ये गेली. आतून कडी लावली. पिवळ्या दिव्याचं बटण लागलेलं मला ऐकू आलं. मी बाहेर तशीच बसून होते. म्हटलं, आता ही बॅग उचलील आणि जाईल, आणि माझ्याशीही महिन्यातून एकदाच बोलेल. माझ्या पदरात तेवढंच पडायला हवं.

ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. माझ्याकडे न बघता पुन्हा खुर्चीत बसली आणि कागद पुढे ओढला.

"बाबा हलले नव्हते?"

"नाही."

"इतका कापत होता हात, तरी?"

"अंग सगळं कापत होतं. हात नाही. अठरा मिनिटं. काच मी धरली होती."

"पाचही?"

"पाचही."

तिने आपला उजवा हात उचलला आणि त्या कोऱ्या जागेवर, जिथं माझा ब्रश फिरला होता तिथं, मूठ मिटून ठेवली. लहानपणी धरायची तशी. मग तिचा बांध फुटला. बारा वर्षांचं ती एकदम रडली, "मी म्हटलं होतं त्यांना, आत्या, सगळ्यांसमोर म्हटलं होतं," असं पुन्हा पुन्हा. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्याला ते लागलं नव्हतं असं मी तिला सांगितलं नाही. आता खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं.

रडून रडून दमली, तेव्हा नाक ओढत म्हणाली, "परत सांग. गच्चीवर गेलात, मग?"

मी पहिल्यापासून सांगायला लागले.